काविळीची मुळी: तपासणीही हवी, हक्कही हवा

काविळीवर औषध देणारा माणूस ठाऊक नाही, असे गाव सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत शोधूनही सापडणार नाही. कुणी कोयनेच्या जलाशयाकाठच्या कातकरी वस्तीकडे बोट दाखवतो, कुणी शिराळ्याच्या वरच्या अंगाला राहणाऱ्या गवळी-धनगरांचे नाव सांगतो, तर कुणी आठवडी बाजारात मुळ्या मांडून बसणाऱ्या वैदूकडे पाठवतो. डोळे पिवळे दिसले की घरातली वडीलधारी माणसे आधी मुळी आणायला सांगतात आणि दवाखान्याचा विचार मागाहून होतो. शिकल्या-सवरल्या घरांतही हा क्रम फारसा बदललेला नाही. या क्रमाविषयी बोलताना आपल्याकडे दोनच सूर लागतात. एक सूर सगळ्या झाडपाल्याला अडाणीपणा म्हणून मोकळा होतो, दुसरा हजारो वर्षांचे ज्ञान म्हणून हात जोडतो. माझ्या मते दोन्ही सुरांनी या समाजांची सारखीच उपेक्षा केली आहे, कारण त्यांच्या औषधाची गांभीर्याने परीक्षा कोणी घेतली नाही आणि त्या औषधावरचा त्यांचा हक्कही कोणी कागदावर आणला नाही. ही दोन्ही कामे एकाच वेळी व्हायला हवीत, आणि ती करताना रोग्याचा जीव सर्वांत आधी यायला हवा.

ज्यांच्याविषयी आपण बोलतो आहोत ते लोक आधी नीट ओळखले पाहिजेत. महाराष्ट्रात ज्या तीन जमाती केंद्र सरकारने विशेष असुरक्षित आदिम जमाती म्हणून नोंदल्या आहेत, त्यांत कोलाम आणि माडिया गोंड यांच्याबरोबर कातकरी आहेत. मात्र सातारा आणि सांगली हे जिल्हे राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीतील क्षेत्रात येत नाहीत, त्यामुळे आदिवासींसाठीची शासकीय यंत्रणा इथे विरळ आहे. वर्षातले कित्येक महिने वीटभट्टीवर आणि कोळशाच्या कामावर जाणाऱ्या कुटुंबांपर्यंत ती पोहोचणे तर आणखी अवघड. गवळी-धनगर अनुसूचित जमातींच्या यादीत नाहीत, पण पिढ्यानपिढ्या सह्याद्रीच्या सड्यांवर राहून त्यांनी वनस्पतींची जी ओळख मिळवली, ती कोणत्याही यादीवर अवलंबून नाही. कोयना धरण झाले, 1985 मध्ये कोयना अभयारण्य झाले, 2004 मध्ये चांदोली राष्ट्रीय उद्यान झाले आणि 2010 मध्ये दोन्ही मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. वाघासाठी जंगल राखण्याला माझा विरोध नाही. परंतु ज्या रानात मुळी उगवते त्या रानातून माणूस उठला की मुळीचे ज्ञान एका पिढीत पुसट होते, हा या निर्णयांचा असा खर्च आहे जो कोणत्याही अहवालात मांडला गेलेला नाही.

हे ज्ञान किती बारकाईचे असते, याचे एक उदाहरण देतो. पाटण तालुक्यातल्या एका वस्तीवर भुई आवळ्याचे औषध तयार होताना मी पाहिले. म्हातारीने बांधावरून रोपे आणली ती मुळासकट. प्रत्येक रोपाची डहाळी तिने उलटी करून पाहिली, कारण पानांच्या खाली ओळीने मोहरीएवढी हिरवी फळे लागलेली असली तरच ते रोप तिच्या कामाचे होते. देठ तांबूस असलेली आणि फळांवर खरखर असलेली रोपे तिने वेगळी काढून टाकली. मग मुळे दोन पाण्यांनी धुऊन, पाट्यावर बारीक वाटून, सुपारीएवढा गोळा ताकात कालवला आणि तीन दिवस सकाळी अनशापोटी घ्यायला सांगितला. शेताच्या ज्या कडेला तणनाशक मारले होते तिकडे ती फिरकलीसुद्धा नाही. वनस्पतिशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर ती फायलॅन्थस वंशाच्या जवळजवळ सारख्या दिसणाऱ्या जाती एकमेकींपासून वेगळ्या करत होती. हेच काम वाळलेल्या मालाच्या व्यापारात नीट होत नाही, आणि म्हणून भुई आवळा या एकाच नावाने अनेक जातींची भेसळ बाजारात येते. अशी नजर असलेल्या बाईला अडाणी म्हणणाऱ्याने आधी दोन रोपांतला फरक सांगून दाखवावा.

परंतु वनस्पती अचूक ओळखता येणे आणि ती वनस्पती रोग बरा करते हे सिद्ध होणे, यांत मोठे अंतर आहे. यकृताच्या आजारांत हे अंतर फार सहज नजरेआड होते, आणि माझा सगळा युक्तिवाद या एका गोष्टीवर उभा आहे. पावसाळ्याच्या सुमारास आपल्याकडे येणारी कावीळ बहुतेक वेळा अ किंवा ई प्रकारच्या विषाणूची असते. हे विषाणू मैला मिसळलेल्या पाण्यातून पोटात जातात, काही आठवडे यकृताला सूज आणतात आणि बहुसंख्य रोग्यांच्या शरीरातून आपोआप हद्दपार होतात. डोळ्यांत पिवळेपणा दिसू लागतो तेव्हा ताप आणि उलट्यांचा पहिला जोर बहुधा ओसरू लागलेला असतो. म्हणजे रोगी मुळी घ्यायला जातो तो नेमका आजाराच्या उताराच्या तोंडाशी. प्रौढ वयात झालेला ब प्रकारचा नवा संसर्गसुद्धा शंभरातल्या नव्वदांहून अधिक जणांच्या बाबतीत औषधावाचून निघून जातो. अशा आजारावर कोणी नुसते ताक दिले तरी त्याला यश दिसेल. मुळी देणारा खोटे बोलत नसतो, त्याने खरोखरच शेकडो माणसे बरी झालेली पाहिलेली असतात. जी बरी होत नाहीत त्यांना शेवटच्या क्षणी गाडीत घालून मिरजेला नेले जाते, तिथे उशीर झालेला असतो, आणि घरी परतल्यावर लोक म्हणतात की दवाखान्यात नेला आणि गेला. यश मुळीच्या खात्यावर आणि अपयश दवाखान्याच्या खात्यावर, असा हा जमाखर्च वर्षानुवर्षे चालत आला आहे. म्हणून काविळीच्या बाबतीत ‘अनुभव’ हा पुरावा म्हणून पुरेसा नाही, मग तो अनुभव कातकरी भगताचा असो, वैद्याचा असो की शहरातल्या डॉक्टरचा.

जे रोगी या साध्या काविळीत बसत नाहीत, त्यांचे काय होते हा खरा प्रश्न आहे. कावीळ हे लक्षण आहे आणि त्यामागची कारणे अनेक आहेत. गर्भारपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत ई प्रकारची कावीळ झाली तर शंभरातल्या वीस ते पंचवीस स्त्रिया दगावू शकतात. भातखाचरात काम करणाऱ्या माणसाला तापाबरोबर कावीळ दिसली तर ती लेप्टोची, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या जिवाणूच्या तापाची असू शकते, आणि तिथे वेळेवर दिलेले साधे प्रतिजैविक जीव वाचवते. पित्ताच्या नळीत खडा किंवा गाठ अडकली असेल तर कोणतीही मुळी तो रस्ता मोकळा करत नाही. ब प्रकारचा विषाणू जन्माच्या वेळी आईकडून बाळाला मिळाला तर दहापैकी नऊ बाळांत तो मुक्काम ठोकतो आणि तीस-चाळीस वर्षांनी यकृत निकामी झाल्यावरच आपले अस्तित्व सांगतो. जन्मल्यापासून चोवीस तासांच्या आत टोचलेली लस हे टाळू शकते. दारूने झिजलेल्या यकृताची कावीळ तर आपल्या वस्त्यांवर आणि ऊसतोडीच्या तळांवर नित्याची आहे, आणि तिथे औषध सुरू करून दारू तशीच चालू ठेवणे म्हणजे रोग्याला दिलासा देऊन मरणाकडे नेणे होय. या सगळ्यांचे डोळे सारखेच पिवळे दिसतात. डोळ्यांकडे पाहून त्यांच्यात फरक करण्याची विद्या कोणत्याही परंपरेत नाही, त्यासाठी रक्त तपासावे लागते.

शिवाय परंपरेच्या नावाने जे चालते त्या सगळ्याला एका मापाने मोजता येत नाही. कुकडवेलीचे काटेरी वाळके फळ रात्रभर भिजवून त्याच्या पाण्याचे थेंब नाकात सोडतात. मग तासन्‌तास नाकातून पिवळट पाणी वाहते आणि कावीळ बाहेर पडली असे सांगितले जाते. वास्तविक त्या फळातले जहाल कडू द्रव्य नाकाच्या आतल्या नाजूक त्वचेला भाजते आणि सुजलेल्या त्वचेतून रक्तातलेच पाणी पाझरते. ते थेंब निरोगी माणसाच्या नाकात सोडले तरी नाक वाहणारच. चुन्याच्या पाण्यात रोग्याचे हात धुऊन पाणी पिवळे करून दाखवणारे हाताला आधी आंब्याच्या सालीचा रस लावतात, हे अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी गावोगाव करून दाखवले आहे, आणि ज्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी ही चळवळ राज्यभर नेली ते साताऱ्याचेच. पोटावर किंवा दंडावर दिलेला डाग ही तर उघड इजा आहे. यांतली एकही गोष्ट भुई आवळ्याच्या रांगेत बसवता कामा नये. वनस्पती वापरणाऱ्या जाणत्या माणसांनीच यांच्यापासून स्वतःला वेगळे केले तर त्यांचा शब्द अधिक ऐकला जाईल.

आता परीक्षेविषयी. भुई आवळ्याची परीक्षा झालीच नाही असे नव्हे. ब प्रकारच्या विषाणूच्या शोधासाठी 1976 मध्ये नोबेल मिळालेले बरूच ब्लूमबर्ग आणि मद्रासचे संशोधक यांनी मिळून केलेला एक प्रयोग 1988 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. विषाणू अंगात वागवणाऱ्या ज्या 37 जणांना महिनाभर भुई आवळ्याचे चूर्ण दिले, त्यांतल्या 22 जणांच्या रक्तातून विषाणूची खूण नाहीशी झाली. नुसते दिखाऊ औषध घेतलेल्या 23 जणांत हे फक्त एकाच्या बाबतीत घडले. जगभर खळबळ उडाली. त्यानंतर इतर ठिकाणी झालेल्या प्रयोगांत हा परिणाम पुन्हा दिसला नाही, आणि सगळे प्रयोग एकत्र मांडून पाहणाऱ्यांनी विश्वासार्ह पुरावा नाही असाच निष्कर्ष काढला. जात निराळी होती का, रोप कोणत्या महिन्यात उपटले होते, मात्रा कमी पडली का, की पहिला निकालच योगायोगाचा होता, हे प्रश्न तिथेच राहिले. मला यात आशा आणि इशारा दोन्ही दिसतात. वनस्पतीत काही असण्याची शक्यता निव्वळ कल्पना नाही, पण एका चांगल्या निकालावर दुकान थाटणेही योग्य नाही. आपल्याकडे मात्र तो पहिला निकाल बाटलीच्या जाहिरातीत राहिला आणि पुढचे निकाल गळून गेले. औषधांच्या नियमांमध्ये असे आजार नावानिशी नोंदले आहेत, जे बरे करण्याचा दावा कोणत्याही औषधाला करता येत नाही, आणि त्या यादीत कावीळ व यकृताचे विकार आहेत. तरीही एसटी स्थानकाबाहेरच्या भिंती कशाने रंगलेल्या असतात ते आपण रोज पाहतो. त्या बाटल्यांतली कुटकी ही कडू मुळी सह्याद्रीत उगवत नाही, ती हिमालयातून येते आणि अतिउपशामुळे तिथेही दुर्मीळ झाली आहे. ‘आदिवासींचे गुप्त औषध’ म्हणून विकल्या जाणाऱ्या मालाचा इथल्या आदिवासींशी काडीचाही संबंध नसतो.

वनस्पती म्हटली की अपाय नाही, ही समजूतही सोडून द्यावी लागेल. कोविडच्या काळात घरोघर गुळवेलीचा काढा सुरू झाला, आणि 2021 मध्ये मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रोग्यांची माहिती प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्यावर हरकत घेतली आणि दुसऱ्याच जातीच्या वेलीची गल्लत झाली असावी असे सुचवले. गल्लत मानली तरी तो धोका कमी होत नाही, उलट ओळखणाऱ्या नजरेची किंमत वाढते. सांगलीच्या हळदीचेही तसेच आहे. कावीळ झाली की हळद वर्ज्य, कारण ती पिवळी, असे आपल्या घरांत मानतात. त्या रंगाचा आणि काविळीत डोळे पिवळे करणाऱ्या रक्तातल्या बिलिरुबिन या द्रव्याचा काही संबंध नाही, आणि आमटीतल्या चिमूटभर हळदीने यकृताचे काही बिघडत नाही. मात्र हळदीचा अर्क काढून, तो अंगी लागावा म्हणून मिऱ्याचे सत्त्व घालून केलेल्या गोळ्यांमुळे यकृताला इजा झाल्याची उदाहरणे इटलीत आणि अमेरिकेत नोंदली गेली आहेत. स्वयंपाकघरातली वस्तू आणि कारखान्यात आटवलेला तिचा अर्क या दोन निरनिराळ्या वस्तू आहेत.

मग करायचे काय? माझी पहिली मागणी साधी आहे. मुळी घेऊ नका असे सांगण्याआधी रक्ताची तपासणी वस्तीवर पोहोचवा. बिलिरुबिन आणि यकृताच्या इतर चाचण्या तालुक्याला गेल्याशिवाय होत नसतील, रोज बुडत असेल आणि एसटी दिवसातून एकदा येत असेल, तर माणूस मुळीकडेच जाणार आणि त्यात त्याचा दोष नाही. 28 जुलै 2018 रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात ब आणि क प्रकारच्या काविळीची तपासणी व औषधे मोफत आहेत, पण ही गोष्ट किती भगतांना आणि किती आशाताईंना नीट माहीत आहे? रोग्याला पहिल्यांदा पाहणारा माणूस भगत असेल तर आरोग्यव्यवस्थेने त्याच्याशी बोलणे भाग आहे. गर्भवती स्त्री, तान्हे बाळ, दिवसा झोपणारा आणि असंबद्ध बोलणारा रोगी, हिरड्यांतून रक्त, पोटात पाणी, मातकट पांढरी शौचास होणे आणि अंगाला खाज सुटणे, तापासह कावीळ, यांपैकी काहीही दिसले तर औषध न देता त्याच दिवशी पुढे पाठवायचे, एवढी समज प्राथमिक आरोग्य केंद्राने वस्तीवर जाऊन द्यावी. काही डॉक्टरांना वाटते की असे केल्याने भोंदूंना मान्यता मिळेल. त्यांच्या काळजीत तथ्य आहे, परंतु सुईणींना प्रशिक्षण देताना आपण हाच मार्ग धरला होता. क्वालिटी कौन्सिल ऑफ इंडियाच्या पारंपरिक उपचारकांच्या ऐच्छिक प्रमाणन योजनेत काविळीवरील उपचार हा एक स्वतंत्र विभाग आहे. म्हणजे राष्ट्रीय पातळीवर कल्पना मांडून झाली आहे, आपल्या डोंगरात तिचा मागमूस नाही.

यासोबत पाण्याचा प्रश्न सोडवला नाही तर बाकीचे सगळे व्यर्थ ठरेल. 1955-56 मध्ये दिल्लीत यमुनेच्या पाण्यात मैला मिसळून कावीळीने सुमारे 29 हजार माणसांना गाठले, आणि 2012 मध्ये आपल्या शेजारच्या इचलकरंजीनेही अशी साथ सोसली. कृष्णेच्या पुरानंतर सांगलीतली जलवाहिनी असो की कातकरी वस्तीचा उघडा झरा असो, गळती एकाच प्रकारची असते. काविळीच्या रोग्याला उसाचा रस पाजण्याची आपली रीत आहे, आणि रसवंतीच्या बर्फाचे पाणी कुठले याची चौकशी कोणी करत नाही. मुळीचे कौतुक करताना ग्रामपंचायत झऱ्याभोवती कठडा बांधण्यातून सुटत असेल तर ते कौतुक कातकऱ्यांच्या काही कामाचे नाही.

दुसरी मागणी हक्काची आहे, आणि ती पहिलीइतकीच निकडीची आहे. हळदीने जखम भरते यावर 1995 मध्ये अमेरिकेत पेटंट दिले गेले आणि 1997 मध्ये ते रद्द झाले, कारण वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेकडे दाखवायला लिखित पुरावे होते. पाटणच्या म्हातारीकडे असा कागद नाही. जैवविविधता कायदा 2002 मध्ये आला, प्रत्येक गावात समिती आणि गावातल्या वनस्पती व त्यांविषयीचे ज्ञान टिपणारी लोक जैवविविधता नोंदवही ठरली, पण राष्ट्रीय हरित लवादाने 31 जानेवारी 2020 ही मुदत घातल्यावर अनेक नोंदवह्या घाईने भरल्या गेल्या. 2023 च्या दुरुस्तीने ग्रंथांत नोंदलेल्या पारंपरिक ज्ञानाला लाभाच्या वाटणीतून वगळले. भुई आवळा आयुर्वेदाच्या ग्रंथांत आहे, म्हणून त्या वनस्पतीवर एकट्या कातकऱ्यांचा दावा टिकणार नाही, हे मान्य केले पाहिजे. पण कोणती जात, कोणत्या नक्षत्रात, कोणत्या भागासह, कशात कालवून, हा तपशील ग्रंथांत नाही, तो वस्तीवर आहे. 2006 च्या वनहक्क कायद्याने पारंपरिक ज्ञानावर समूहाचा बौद्धिक संपदेचा हक्क स्पष्ट शब्दांत मान्य केला आहे. गवळी-धनगरांना मात्र तो मिळवण्यासाठी तीन पिढ्यांचा वास सिद्ध करावा लागतो, आणि धरणाने उठवलेल्या माणसाकडे सातबारा कुठून असणार? केरळमध्ये काणी जमातीने दाखवलेल्या आरोग्यपच्चा या वनस्पतीपासून तिरुअनंतपुरमच्या वनस्पती उद्यान संस्थेने ‘जीवनी’ हे औषध तयार केले, 1995 मध्ये ते उत्पादनासाठी दिले, आणि मिळालेल्या शुल्काचा व स्वामित्वधनाचा अर्धा वाटा जमातीच्या न्यासाला द्यायचे ठरवले. त्या व्यवहारात पुढे अडचणी आल्या, तरी वाटा देता येतो हे त्याने दाखवून दिले.

मिरज आणि सातारा येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आणि या दोन जिल्ह्यांतील आयुर्वेद महाविद्यालये यांनी एकत्र येऊन ही परीक्षा घेणे अजिबात अशक्य नाही. ज्यांची तपासणी होऊन अ किंवा ई प्रकार निश्चित झाला आहे, ज्यांना धोक्याचे कोणतेही लक्षण नाही, अशा प्रौढ रोग्यांना त्यांच्या संमतीने दोन गटांत विभागावे, एका गटाला वस्तीच्या पद्धतीने निवडलेला भुई आवळा आणि दुसऱ्याला तसेच दिसणारे दिखाऊ औषध द्यावे, आणि बिलिरुबिन किती दिवसांत उतरते ते मोजावे. वनस्पती निवडणारी माणसे त्या प्रयोगात मजूर म्हणून नव्हे, तर भागीदार म्हणून असावीत, आणि प्रयोग सुरू होण्याआधी ग्रामसभेसमोर करार व्हावा. निकाल अनुकूल आला तर वाटा कोणाचा हे त्या करारात असेलच. निकाल प्रतिकूल आला तर तो सर्वांत आधी त्या वस्तीवर जाऊन, त्यांच्या बोलीत, त्यांच्या शंकांना उत्तरे देत सांगितला पाहिजे, आणि काविळीचा रोगी यापुढे कुठे पाठवायचा व त्याच्या गाडीभाड्याचे पैसे कोण देणार, हेही त्याच बैठकीत ठरले पाहिजे.